पाइपच्या दांडीत अडकलेली धातूची नळी: ओढण्याआधी पाहायच्या गोष्टी

प्रश्न देवगडकडून आला आहे. आजोबा आगबोटीवर नोकरीला होते. त्यांचा तंबाखू ओढण्याचा जुना पाइप घरच्या ट्रंकेत सापडला. काळी, थोडी वाकवलेली दांडी लाकडापासून सहज सुटली, पण दांडीच्या आत धातूची एक बारीक नळी बसलेली असून ती काही केल्या निघत नाही. प्रश्नकर्त्यांनी दांडी रात्रभर स्पिरिटमध्ये ठेवून पाहिली, मग पकडीने नळी ओढून पाहिली. त्यात नळीवर पकडीचे दात तेवढे उमटले. आता एकाने त्यांना दांडी फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितले आहे आणि दुसऱ्याने सरळ ड्रिल मारायला. यांतले काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

सध्या यांतले काहीच करू नये. मी रत्नागिरीत जुनी फाउंटन पेने दुरुस्त करतो आणि पाइपही त्याच ओघात माझ्याकडे येतात, कारण जुन्या पेनांचे आणि जुन्या पाइपच्या दांड्यांचे द्रव्य बहुधा एकच असते. या कामात वस्तू मोडते ती जोर कमी पडल्यामुळे नव्हे, तर नळीला नेमके कशाने धरले आहे हे न पाहता जोर लावल्यामुळे. तंबाखूच्या चिकट राळेने धरले असेल तर एक उपाय, खाऱ्या हवेने चढलेल्या गंजाने धरले असेल तर दुसरा, आटे असतील तर तिसरा. आणि कारखान्यातच ती कायमची बसवलेली असेल तर उपायच करायचा नाही. आपल्या पत्रातून एवढेच कळते की रात्रभर ठेवूनही स्पिरिटचा उपयोग झाला नाही. तीही कामाची माहिती आहे, तिच्याकडे पुढे येतो.

सोयीसाठी काही नावे ठरवून घेऊ. तंबाखू भरतात ती वाटी, वाटीला जोडलेला लाकडाचा लांब भाग ती मान, तोंडात धरतात ती दांडी, आणि दांडीचे जे बारीक गोल टोक मानेच्या भोकात शिरते ती खुंटी. आपली नळी या खुंटीच्या भोकात बसलेली आहे. खुंटीचा व्यास साधारण 7 ते 8 मिलिमीटर असतो आणि नळीसाठी तिला 4 ते 5 मिलिमीटरचे भोक पाडलेले असते. म्हणजे नळीभोवतीची भिंत उरते जेमतेम दीड मिलिमीटरची. साऱ्या पाइपमध्ये सर्वांत नाजूक जागा हीच, आणि पकडीने ओढताना आडवा ताण पडतो तो नेमका हिच्यावरच.

ही नळी मुळात निघण्यासाठी बनवली होती का, हे आधी ठरवले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जवळजवळ प्रत्येक पाइपवाल्याने धूर थंड आणि कोरडा करण्यासाठी आत धातूचे काही ना काही बसवले. गरम धूर थंड धातूवर आदळला की त्यातली वाफ तिथेच थिजते आणि जिभेपर्यंत पोचत नाही, ही त्यामागची कल्पना. लंडनच्या डनहिलने 1912 साली आतल्या नळीचे पेटंट घेतले. ती ॲल्युमिनियमची साधी, सैल नळी असे, मळली की काढून टाकायची आणि दुसरी घालायची. डब्लिनच्या पीटरसनच्या काही प्रकारांत खुंटीच्या टोकाला आट्यांवर फिरवून बसवायचा तुकडा असतो. तो उलटा फिरवला तर निघतो, ओढला तर आटे फाटतात. अमेरिकन केवुडीत मात्र दांडीच्या टोकाला धातूचाच आटेदार भाग पक्का बसवलेला असतो, तो मानेतल्या धातूच्या कड्यात फिरतो आणि पुढे भोके पाडलेला गोळा असतो. तो दांडीचाच भाग आहे, बाहेर येण्यासाठी केलेला नाही. लोक त्याचा गोळा करवतीने कापतात, आणि संग्राहकाच्या लेखी त्या पाइपची किंमत तिथेच उतरते. याखेरीज स्वस्त पाइपांत नुसती दाबून बसवलेली, पुढे चमच्यासारखी चपटी किंवा तिरकी कापलेली नळी असे. अशा पाइपांवर पुष्कळदा कोणाचेच नाव नसते.

आपण नळीचा आकार लिहिलेला नाही, म्हणून भिंगातून आणि टॉर्चच्या उजेडात तीन गोष्टी पाहाव्यात. नळीच्या बाहेरच्या अंगावर आटे आहेत का, आणि असल्यास ते मानेत फिरण्यासाठी आहेत की खुंटीत शिरतात? नळी आणि खुंटीचे काळे द्रव्य यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसते का, की धातूची रुंद कड खुंटीच्या तोंडावर चपखल टेकलेली आहे? त्या फटीत काय भरले आहे: तपकिरी-काळे चकचकीत, पांढरे भुकटीसारखे, की हिरवे? रुंद कड आणि मानेत फिरणारे आटे दिसले तर नळी बहुधा कायमची आहे. ती आतून साफ करून तशीच ठेवावी. फट दिसली तर पुढे जाता येईल.

मग दांडी कशाची आहे ते ठरवावे. काळी जुनी दांडी बहुतेक वेळा एबोनाइटची, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याचे पेटंट चार्ल्स गुडइयर यांना 1844 मध्ये मिळाले आणि कडक रबराचे त्यांचे बंधू नेल्सन यांना 1851 मध्ये. पेने, पाइप आणि विजेचे इन्सुलेटर पुढे पुष्कळ वर्षे त्याचेच होत राहिले. उजेड आणि दमट हवा लागली की एबोनाइट हिरवट-तपकिरी पडते, आणि अंगठ्याने जोरात घासले की गंधकाचा वास येतो. वास आला, रंग उडालेला दिसला, तर एबोनाइट समजावे. दांडी जुनी असूनही काचेसारखी काळीभोर आणि चकचकीत असेल तर ती ॲक्रिलिकची असण्याचा संभव आहे, आणि तसे असेल तर स्पिरिटचा थेंबही लावू नये. ॲक्रिलिकमध्ये स्पिरिटने बारीक बारीक तडे जातात आणि ते परत बुजत नाहीत. पिवळसर पारदर्शक दांडी अंबरची किंवा बेकलाइटची असू शकते; ती ठिसूळ असते, तिच्यावर घरी प्रयोग नकोत. शिंगाच्या दांडीला पाणी आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत, ती वाकडी होते. आपली दांडी रात्रभर स्पिरिटमध्ये राहूनही तडकली नाही, त्यावरून ती एबोनाइटची आहे असे धरून मी पुढचे लिहितो; तरी वास घेऊन खात्री करावीच.

आता स्पिरिटचा उपयोग का झाला नाही, ते पाहू. पाइपवर लिहिणारे बहुतेक लोक इंग्लंड-अमेरिकेतले असतात आणि त्यांच्याकडे नळी अडकते ती मुख्यतः राळेने. तंबाखूची ही राळ स्पिरिटमध्ये चांगली विरघळते, म्हणून त्यांचा सल्ला स्पिरिटपाशी सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. कोकणातल्या पाइपांत राळ असतेच, पण तिच्याखाली दुसरे काहीतरी बसलेले असते. समुद्रावरची हवा मीठ घेऊन येते, जूनपासून सप्टेंबरपर्यंत ट्रंकेतले कापडसुद्धा ओलसर लागते, आणि अशा हवेत ॲल्युमिनियमवर पांढरा गंज चढतो. हा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे खुंटीच्या भोकात नळी पाचरीसारखी आवळली जाते. त्यातच एबोनाइट जुने होताना त्यातला गंधक हवेशी आणि ओलाव्याशी मिळून थोडे गंधकाम्ल तयार करतो. जुन्या पेनांच्या क्लिपा आणि कडी काळवंडतात त्यामागे हेही एक कारण असते. नळी ॲल्युमिनियमची आणि तिला लागून पितळेचे कडे असेल तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह चालू होतो आणि ॲल्युमिनियम अधिकच झिजते. स्पिरिटमध्ये यांतले काहीही विरघळत नाही. म्हणून रात्रभर भिजवून स्पिरिट गडद तपकिरी झाले, पण नळी हलली नाही, तर राळ बरीचशी गेली आहे आणि आता तिला पांढऱ्या गंजाने धरले आहे, असा तर्क करता येतो.

स्पिरिट शेवटपर्यंत स्वच्छ राहिले असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ते फटीत उतरलेच नाही असे समजावे. वाकवलेली दांडी ग्लासात नीट उभी राहत नाही आणि खुंटीच्या भोकात हवा कोंडून राहते. त्यापेक्षा दांडी खुंटी वर करून धरावी, तोंडाकडचे भोक मऊ रबराच्या तुकड्याने किंवा बुचाने बंद करावे, आणि सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने आत थेंब थेंब सोडावे, म्हणजे स्पिरिट नळीच्या दोन्ही बाजूंनी फटीत उतरते. रंगकामाचे स्पिरिट यासाठी घेऊ नये, त्यात मिथेनॉल मिसळलेले असते आणि ही वस्तू तोंडात जायची आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 99 टक्क्यांचे आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळते, ते वापरावे. ते पूर्ण उडून जाते. दर तासाने जुने काढून नवे घालावे, आणि एबोनाइटची झिलई उतरू नये म्हणून दिवसभरापेक्षा जास्त ठेवू नये. जे तपकिरी पाणी निघेल त्यात निकोटिन असते. ते कातडीतूनही शरीरात जाते, म्हणून हातमोजे घालावेत आणि ते भांडे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. गंजलेले बोल्ट सोडवायचे फवारे किंवा रॉकेलही नको. एबोनाइट तेल आणि त्याचा वास धरून ठेवते, आणि मग तो पाइप ओढण्याच्या लायकीचा राहत नाही.

पांढऱ्या गंजासाठी सौम्य आम्ल लागते. मी लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड वापरतो: 100 मिलिलिटर साध्या पाण्यात 5 ग्रॅम. याच पद्धतीने सिरिंजने फटीत सोडावे, वीस मिनिटे ठेवावे, फटीतली भुकटी बारीक सुईने हलकेच उकरावी, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि पुन्हा करावे. आम्ल गंजाला चटकन विरघळवत नाही, पण मऊ करते, आणि सुईला वाट मिळते. पाणी थंडच असावे. गरम पाण्याने एबोनाइट तपकिरी पडते. हे वाचताच घरातल्या कोणाला तरी तांब्या-पितळेची भांडी लख्ख करणारे आमसूल आठवेल. आगळ मात्र यात घालू नये, कारण त्यात मीठ असते, आणि ज्या मिठाने हे सारे झाले तेच पुन्हा आत जाते. खाण्याचा किंवा धुण्याचा सोडाही टाळावा. विशेषतः धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमलाच खातो. फटीतला रंग हिरवा असेल तर नळी पितळेची किंवा तिच्यावर मुलामा असलेली आहे. उपाय तोच, फक्त वेळ कमी लागतो.

यानंतर उष्णता, आणि इथेच फ्रीजरच्या सल्ल्याला उत्तर द्यायचे आहे. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोखंड तापवून मोठे करतात आणि मग थंड करतात. थंड होताना धाव आकसते आणि लाकडाला आवळते. आपल्या दांडीत बाहेरची वस्तू एबोनाइट आहे आणि आतली धातू. एबोनाइट तापमानाबरोबर ॲल्युमिनियमच्या साधारण तिप्पट फुगते आणि तिप्पट आकसते. म्हणजे फ्रीजरमध्ये ठेवले की बाहेरची भिंत आतल्या नळीपेक्षा जास्त आकसेल आणि पकड वाढेल. शिवाय थंडीने एबोनाइट ठिसूळ होते, तेव्हा त्याच स्थितीत ओढले तर खुंटी तडकण्याचीच शक्यता जास्त. फ्रीजरचा उपाय खोटा नाही, तो वेगळ्या रोगावरचा आहे. दांडीच मानेत अडकलेली असते तेव्हा आतली वस्तू एबोनाइटची खुंटी आणि बाहेरची लाकडाची मान असते. तिथे थंडीने खुंटी आकसून सैल होते. आपली दांडी तर मानेतून आधीच निघाली आहे.

उलट बाजूने हिशेब केला तर 4 मिलिमीटरच्या भोकात तापमान 40 अंशांनी वाढवल्यावर भोक आणि नळी यांच्यात सुमारे पाऊण शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्यांना तो दिसणार नाही, पण उरलेली राळही उष्णतेने मऊ होते आणि मऊ झालेला गंजाचा थर या हालचालीने भेगाळतो. जुन्या काळी काही दांड्यांत नळी लाखेने चिकटवत. लाखसुद्धा साधारण 75 अंशांच्या आसपास मऊ पडते आणि स्पिरिटमध्ये विरघळते, तेव्हा तिच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

तापवायचे कसे, हे वाकवलेल्या दांडीत फार जपून ठरवावे लागते. अशी दांडी कारखान्यात सरळच घडवलेली असते आणि नंतर तापवून वाकवलेली असते. एबोनाइट आपला मूळ आकार विसरत नाही, त्यामुळे पुरेसे तापले की वाक आपोआप उघडू लागतो. म्हणून उष्णता फक्त खुंटीपाशी द्यायची. वाकाच्या भागावर ओल्या फडक्याचे दोन-तीन वेढे गुंडाळावेत. मग 25 वॉटच्या सोल्डरिंग आयर्नचे टोक नळीच्या बाहेर आलेल्या भागाला टेकवावे, एबोनाइटला नव्हे. धातू उष्णता आत घेऊन जातो आणि फटीपाशी पोचवतो. वीस-तीस सेकंद टेकवावे, काढावे, बोटाने खुंटीचा अंदाज घ्यावा. हाताला चटका बसण्याइतपत गरम पुरे. गंधकाचा उग्र वास सुटला तर आपण पुढे गेलो आहोत, लगेच थांबावे. मेणबत्ती आणि लायटर वापरू नयेत. हे करण्याआधी सगळे स्पिरिट वाळलेले असले पाहिजे. आयसोप्रोपाइल अल्कोहोल पटकन पेट घेते, तेव्हा भिजवणे आणि तापवणे एकाच बैठकीत करू नये, मध्ये एक रात्र जाऊ द्यावी.

नळी गरम असतानाच तिला फिरवायचे आहे, ओढायचे नाही. पकडीचे दात उमटले त्याचे कारण धातूची पातळ नळी चेपते, आणि चेपली की आतून फुगून आणखी घट्ट बसते. त्यावर एक साधी युक्ती आहे: नळीच्या भोकात बरोबर बसेल अशा ड्रिलबिटचा मागचा गुळगुळीत भाग आत घालावा आणि मग बाहेरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पकडीने धरावे. आतून आधार मिळाल्यामुळे नळी चेपत नाही. दांडी दुसऱ्या हातात रबराने धरावी, व्हाइसमध्ये आवळू नये. आधी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, खुंटीच्या तोंडाकडून पाहून, अगदी थोडे फिरवावे. आटे असतील तर याच दिशेला सुटतील. हलले नाही तर दुसऱ्या दिशेला तेवढेच. खुंटीच्या तोंडाशी किरकिर आवाज आला किंवा काळी भुकटी पडली तर नळी सुटू लागली आहे. पांढरी रेघ उमटली तर मात्र एबोनाइटवर ताण आला आहे; थांबून पुन्हा भिजवण्यापासून सुरुवात करावी. एकदा पूर्ण फेरा फिरला की ओढ लावता येते, तीही सरळ रेषेत.

थोडक्यात क्रम असा: पाहणे, वास घेणे, स्पिरिट, गरज पडल्यास लिंबूफूल, वाळवणे, नळीवरून उष्णता, आणि गरम असताना फिरवणे. एका फेरीत नाही जमले तर तोच क्रम पुन्हा करावा. खूप जुन्या नळ्या तिसऱ्या-चौथ्या फेरीलाही सुटतात, आणि घाई नसेल तर हे काम पावसाळ्यात करूच नये. दमट हवेत वाळवणेच होत नाही.

नळी खुंटीच्या तोंडाशी तुटून आत राहिली, तर लोक स्क्रू घालून ओढायला जातात. पातळ नळीत स्क्रू शिरला की नळी बाहेर फुगते आणि खुंटीला चीर जाते. त्याऐवजी लहान कानशीची मागची निमुळती चौकोनी शेपटी नळीत अलगद दाबावी. चार कोपरे नळीला आतून धरतात, भिंत फुगवत नाहीत. त्या शेपटीलाच सोल्डरिंग आयर्न टेकवले तर उष्णताही तिथूनच आत जाते, आणि मग शेपटीसकट फिरवता येते. दांडी सरळ असती तर तोंडाकडून सायकलची तार घालून नळी मागून ढकलता आली असती. वाकवलेल्या दांडीत ती वाकापाशी भिंतीला टोचते, म्हणून तो मार्ग आपल्यासाठी नाही.

ड्रिलचा सल्ला देणाऱ्याने एक अडचण सांगितलेली नाही. हातातल्या ड्रिल मशीनने खुंटीच्या मध्यातून सरळ भोक पाडणे जवळपास अशक्य असते, ॲल्युमिनियम चिकटून बिटला पकडते आणि मग फिरते ती खुंटी. हे काम करायचेच झाले तर लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, आणि तेही बिट चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, फिरत असताना दांडी हाताने सावकाश पुढे नेऊन. वाकवलेली दांडी चकमध्ये धरताच येत नाही. बिट नळीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा थोडे बारीक घ्यावे, म्हणजे धातूची कागदासारखी सालपट उरते. ती सुईने आत दुमडून चिमट्याने काढता येते आणि खुंटीचे मूळ भोक मोठे होत नाही. सिंधुदुर्गात असाल तर सावंतवाडी लांब नाही, आणि तिथल्या कातारी लोकांचा हात लाकडावर फार सफाईने चालतो. पण जो धातूच्या लेथवरही काम करतो त्यालाच शोधावे, आणि त्याने पूर्वी एबोनाइट कातले आहे का हे आधी विचारावे. खुंटी तुटलीच तर दांडी वाया जात नाही. तुटलेला भाग सपाट करून दांडीत भोक पाडायचे आणि डेल्रिन या कडक प्लॅस्टिकच्या कांडीची नवी खुंटी एपॉक्सीने बसवायची. ती मूळ खुंटीपेक्षा चिवट असते. तरीही ती मूळ नसते, आणि आजोबांच्या वस्तूत त्याला काही किंमत आहे की नाही, हे आपणच ठरवायचे.

म्हणूनच शेवटी हेही विचारतो, की ही नळी काढायची तरी कशासाठी? पाइप कपाटात ठेवायचा असेल तर ती आत राहिल्याने काही बिघडत नाही. ओढ मोकळी आहे का हे पाहायचे असेल तर तोंडाने हवा ओढू नये, जुन्या राळेत बुरशीही असते. सिरिंजने किंवा रबराच्या फुग्याने हवा सोडून पाहावी. हवा मोकळी जात असेल तर स्पिरिटच्या दोन-तीन फेऱ्यांनी आतून सफाई करून थांबणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. हवा अडत असेल किंवा नळीखालून पांढरी भुकटी सतत बाहेर येत असेल तर मात्र काढावी, कारण गंज वाढत राहिला तर खुंटी आतून आपोआप फुटू शकते. मी स्वतः किनाऱ्यावरच्या पाइपांत नळी काढण्याच्या बाजूचा आहे. संग्राहक ती मूळ जागी हवी म्हणतात, आणि त्यांच्या कोरड्या कपाटांच्या दृष्टीने त्यांचे बरोबरही असेल.

नळी निघाली की फेकू नये. लिंबूफुलाच्या पाण्याने धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून कोरड्या कागदात वेगळी ठेवावी आणि दांडीत परत बसवू नये. ती नसली तरी पाइप ओढता येतो, फक्त धूर थोडा गरम लागतो. खुंटीचे भोक कापसाच्या बोळ्याने आणि अल्कोहोलने कापूस पांढरा निघेपर्यंत पुसावे. दांडी आणि लाकूड पावसाळ्यात एकमेकांत बसवून ठेवू नयेत, लाकूड फुगले की पुढच्या वर्षी दांडीच मानेत अडकेल. काम करताना वाक थोडा उघडला असेल तर भोकात पाइप साफ करायची लोकरीची तार घालावी, म्हणजे आतली वाट चेपणार नाही. मग हेअर ड्रायरची गरम हवा वाकाच्या भागावर फिरवत राहावे, दांडी मऊ लागली की गोल बाटलीच्या अंगावर हलकेच दाबून हवा तेवढा वाक द्यावा, आणि तशीच धरून थंड पाण्याखाली न्यावी, म्हणजे तो वाक टिकतो.